देव मध्यभागी येईना

"अगं ए, त्या माणसाला श्वास तरी घेऊ दे!"

आमचे हे ओरडले. नवरा ओरडला यात लिहिण्यासारखं काय, असं वाटणाऱ्यांना आमचे हे ठाऊक नाहीत. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढलेला माणूस. तिथं धावायचं नाही, काही आपटायचं नाही, कुणाला दचकवायचं नाही. ती सवय यांनी पेन्शनीबरोबर घरी आणली. हे दार असं लावतात, की दाराला स्वतःला कळत नाही आपण बंद झालो ते. कपबशी टेबलावर टेकवायला यांना पाच मिनिटं लागतात. तोवर चहा निवतो, पण स्फोट होत नाही. आमच्या लग्नात मंडळींची जिलबी खाऊन झाली तरी यांच्या हातातला हार माझ्या गळ्यापर्यंत पोचायचा होता. असा माणूस, मांडीवरच्या ताटात गवार मोडता मोडता ओरडला, तेव्हा खडकी स्टेशनात उभी असलेली गाडी दचकून दोन मिनिटं आधी सुटली. खोटं वाटत असेल तर त्या दिवशी जिची गाडी चुकली तिला विचारा.

ज्याला श्वास हवा होता तो माणूस लॅपटॉपच्या पडद्यावर होता. वेब डिझाइनचा ऑनलाइन कोर्स शिकवणारे आमचे सर. वय असेल सव्वीस, भाषा अर्धी मराठी अर्धी इंग्रजी, राहणं बहुधा हिंजवडीकडे, कारण त्यांच्या प्रत्येक धड्यात मागे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजायचा. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचं एक बटण होतं: अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन. मी सरांना दोनवर लावलं होतं. दुप्पट वेगात सर राघूसारखे बोलत, डास मारत असल्यासारखे हात हलवत, आणि तो हॉर्नही सायकलच्या घंटीसारखा वाजे.

"दोनच तर आहे," मी म्हणाले. "तीन असता तर तीन लावला असता."

यांनी गवारीची एक शेंग उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि तिलाच म्हणाले, "हिच्या हाती तोफखाना द्यायला हवा होता."

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण कडुलिंब. परवा सकाळी गॅलरीत गेले तर समोरचा लिंब मोहरलेला. कॅन्टोन्मेंटच्या बाजूनं एक गोडसर कडू वास आला आणि त्या वासाबरोबर मला खळीचा वास आला. खळ म्हणजे पुस्तक बांधणाऱ्याचा पिठाचा गोंद. लिंबाच्या मोहोराला खळीचा वास येतो असं कुठल्याही वनस्पतिशास्त्रात लिहिलेलं नाही. माझ्या नाकात मात्र त्या वर्षापासून ते दोघं एकमेकांना चिकटून बसलेत, आणि चिकटवलेत सलीमभाईंनी, त्यामुळे सुटण्याची आशा नाही.

पुण्यात मोसम पुष्कळ आहेत. आंब्याचा आहे, लग्नांचा आहे, उसाच्या रसाचा तर बारमाही झालाय. पण लिंब मोहरतो त्या सुमाराला आणखी एक मोसम येतो, तो पंचांगात नाही. सबमिशनचा. कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोरं-पोरी आपापल्या प्रोजेक्टचे गरम गरम छापील गठ्ठे छातीशी धरून, बाळंतपणाहून परतल्यासारखी, रस्त्यानं चालत असतात. डोळे लाल, केस उभे. गठ्ठ्याला काळं रेक्झिन चढवायचं, त्यावर सोनेरी अक्षरांत नाव उठवायचं आणि सरांच्या टेबलावर नेऊन आपटायचं. चार वर्षांची विद्या त्या काळ्या पुठ्ठ्याशिवाय कुणी मोजत नाही.

सलीमभाई हे पुठ्ठे बांधतात. यांचे शाळेतले मित्र, बापजाद्यांपासून बाइंडर. एका कॉलेजामागच्या बोळात त्यांचं दुकान चाळीस वर्षं होतं. पुण्यातल्या निम्म्या इंजिनियरांचा पाठीचा कणा सलीमभाईंच्या खळीनं धरलाय आणि उरलेले निम्मे सुट्या पानांचे आहेत, हे माझं जुनं मत आहे. त्या वर्षी ती इमारत पाडायचं ठरलं. सलीमभाईंनी आपला लोखंडी शिकंजा, ते मोठ्या चाकाचं दाबायचं यंत्र, टेम्पोत घालून खडकीला आणलं. आमच्या मागच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून गाळा मिळाला.

फेब्रुवारीत ते घरी आले, चहा घेतला, आणि बशीत बघत म्हणाले, "वहिनी, पोरं आता रस्ता विचारत नाहीत. फोन सांगतो तिकडं जातात. आणि फोनला मी माहीत नाही."

"होतील माहीत," मी म्हणाले.

"दीड महिन्याचा धंदा असतो आपला. तो हुकला तर वर्षभर पत्रिकांची पाकिटं चिकटवायची. मुलगी म्हणते, अब्बा, पुरे झालं, हडपसरला येऊन राहा." बशी खाली ठेवून म्हणाले, "बघतो. हा मोसम बघतो, आणि मग शटर ओढतो."

आता चाळीस वर्षं सोनेरी अक्षरं उठवणारा माणूस हडपसरला नातवाच्या शाळेच्या वह्यांना खाकी कव्हरं घालत बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि तोंडातून वाक्य निघून गेलं.

"वेबसाइट हवी ना? मी करते. पंधरा दिवसांत."

यांचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. "कोण?" यांनी विचारलं.

इथं माझी ओळख करून देणं भाग आहे. मी निवृत्त लघुलेखिका, म्हणजे स्टेनो. छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत सहा साहेबांचं बोलणं कागदावर उतरवलं. वेग मिनिटाला एकशे वीस शब्दांचा, पण हा झाला सर्टिफिकेटावरचा आकडा; खरा वेग मोजेल असं घड्याळ कचेरीत नव्हतं. एकदा एका बैठकीत सात अधिकारी एकाच वेळी भांडले. मी सातही भांडणं स्वतंत्र उतरवली, वर पंख्याची करकर आणि शिपायानं दाराबाहेर कुणाला तरी दिलेली शिवीही. इतिवृत्त वाचून साहेबांनी विचारलं, "बाई, हे सगळं समजलं, पण करकर या विषयावर कोण बोललं?" आमच्या एका साहेबांना वाक्य अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघायची सवय होती. ते बघत असायचे तोवर मी त्यांचं वाक्य पूर्ण करून पुढचं पत्र सुरू केलेलं असे. सही ते माझ्याच वाक्याखाली करत.

पण या कलेतलं एक गुपित आहे, ते आम्ही बाहेरच्यांना सांगत नाही. कानातून आलेला शब्द सरळ बोटांत जातो. डोकं हे मधलं स्टेशन, आणि आमची गाडी तिथं थांबत नाही. मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या भाषणानं अख्खं सभागृह रडलं. घरी आल्यावर यांनी विचारलं, "काय म्हणाले गं साहेब?" मी म्हणाले, "थांबा, वाचून सांगते."

तर अशी ही बाई ऑनलाइन कोर्सला बसली. मुलानं परगावी नोकरीला जाताना ठेवलेला लॅपटॉप, शेजारी टोक केलेल्या सहा पेन्सिली, आणि कोर्स चाळीस तासांचा. साध्या वेगात सर मिनिटाला नव्वद शब्द बोलत होते. नव्वद! दोन शब्दांच्या मध्ये माझी पेन्सिल डुलकी काढायची. सव्वावर लावलं, हात जागा झाला. दीडवर लावलं, हाताला रंग चढला. दोनवर लावलं आणि छत्तीस वर्षं गळून पडली. मी पुन्हा वेणी घातलेली बावीस वर्षांची मुलगी झाले. शब्दांचा वळीव कोसळत होता आणि माझी पेन्सिल पन्हळीसारखी एकही थेंब वाया जाऊ देत नव्हती. त्याच वेळी हे ओरडले, ते वर आलंच आहे.

कोर्सला एक फळा होता, तिथं सगळे विद्यार्थी एकमेकांशी लिहून बोलत. नाशिकच्या एका मुलीनं विचारलं, "कुठपर्यंत आलात सगळे?" कुणी म्हणालं दुसरा धडा, कुणी तिसरा. मी लिहिलं, "संपला." तासाभरात चाळीस जणांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. एकानं विचारलं, "काकू, तुम्ही आधीपासून या लाइनमध्ये आहात का?" मी लिहिलं, "लाइनमध्येच आयुष्य गेलं." सर्टिफिकेट आलं. यांनी ते फ्रिजवर चिकटवलं; सकाळी सुरुवात केली, दुपारचा चहा होईपर्यंत चारही कोपरे बसले. अकरा वह्या भरल्या होत्या. दिवस झाले होते नऊ. सलीमभाईंना निरोप पाठवला, जवळजवळ झालीच म्हणून.

दहाव्या दिवशी मी वेबसाइट करायला बसले.

पडदा पांढरा होता. मीही पांढरी होते. सरांचा पहिलाच गृहपाठ: पानाच्या बरोबर मध्यभागी एक चौकोनी डबा आणा. या धंद्यात सगळं पान म्हणजे डब्यांत डबे, आणि त्या डब्याला इंग्रजीत 'डिव्ह' म्हणतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी वही उघडली.

लघुलेखनात आम्ही व्यंजनांच्या रेघा काढतो. स्वरांचे ठिपके बाजूला नंतर द्यायचे असतात, पण वेगात ते कोण देतं? व्यंजनं आम्ही पकडतो आणि स्वर परमेश्वरावर सोपवतो. द आणि ड, त आणि ट ही तर घाईत एकाच रेघेत निघतात. कचेरीत यानं कधी अडलं नाही, कारण साहेब काय बोलणार हे मला आधीच ठाऊक असे. सर काय बोलणार ते ठाऊक नव्हतं. मी मोठ्यानं वाचू लागले.

"आधी एक देव घ्या. त्या देवात दुसरा देव ठेवा. बाहेरच्या देवाला रुंदी द्या, आतल्या देवाला कळस द्या. एकाच प्रकारच्या सगळ्या देवांना एकच कळस चालतो. दुसऱ्या पानावर जायचं असेल तर लंका जोडा. लंकेखालची रेघ नको असल्यास काढून टाका. फितूर नेहमी तळाशी चिकटलेला असावा. आता देवाला मध्यभागी आणा."

यांनी हातातली कैरी अलगद खाली ठेवली. "कोर्स वेब डिझाइनचाच घेतलास ना?"

"मग कसला?"

"नाही, विचारलं. आवाज कीर्तनासारखा वाटला."

मी दिवसभर झटले. देव डावीकडे वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला तो उठेना. मी रुंदी दिली, उंची दिली, लाल रंग दिला. देव कोपऱ्यात लाल होऊन बसला. संध्याकाळी मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "अहो, देव मध्यभागी येईना!"

"आपल्या देव्हाऱ्यातलाही डावीकडेच सरकतो," हे म्हणाले. "फरशीला उतार आहे."

दोन दिवसांनी सरांच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द वहीशी ताडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. देव म्हणजे डिव्ह. कळस म्हणजे क्लास, डब्यांना द्यायचं नाव. फितूर म्हणजे फूटर, पानाची तळपट्टी. लंका म्हणजे लिंक, जी दाबली की दुसरीकडे जाता येतं. अकरा वह्यांमध्ये मी एक आख्खं पुराण रचून ठेवलं होतं. आणि गंमत अशी, की शब्द उलगडले तरी देव हलला नाही. सरांचा एकूण एक शब्द माझ्याकडे होता. सर शिंकले ती शिंकही होती. फक्त विद्या नव्हती.

नेमके त्याच दिवशी सलीमभाई आले. "झाली का, वहिनी?"

"जवळजवळ," म्हणत मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. पांढऱ्या पानाच्या कोपऱ्यात तांबडा चौकोन, त्यात 'सलीम बाइंडर'.

"हे काय आहे?"

"तो देव आहे."

"अच्छा." सलीमभाई अदबशीर माणूस. पडद्याशी वाकले. मग हळूच म्हणाले, "मग कोपऱ्यात का बसवलंय बिचाऱ्याला?"

त्यावर माझ्यासारखी माणसं जे करतात ते मी केलं: दुसऱ्या टोकाला गेले. सरांना अर्ध्या वेगावर लावलं. अर्ध्या वेगात सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. 'नमस्कार' म्हणेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होत. हॉर्न सुरू झाला की वाटे आगबोट सुटली. प्रत्येक धडा तीनदा ऐकायचा, प्रत्येक शब्दाला सगळे स्वर द्यायचे, आणि सगळं समजल्याशिवाय बोट उचलायचं नाही, असा पण केला. परिणामी बोट उचललंच गेलं नाही. पानाला सलीमभाईंच्या मरून रेक्झिनचा रंग द्यायचा ठरवला, त्यात सहा दिवस गेले. रेक्झिनचा तुकडा आणून पडद्याशी धरायची. सकाळच्या उन्हात तो डाळिंबासारखा दिसे, दुपारी बिटासारखा. दोन मरून शेजारी शेजारी मांडून यांना विचारलं, "कुठला?"

यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "दोन्ही एकच आहेत."

"नीट बघा!"

"मी नीटच बघतो. मला दुसरं काही येत नाही."

पंधरा दिवस कधीच उलटून गेले होते. लिंबाचा मोहोर गळून फुटपाथवर त्याचा बारीक पांढरा कोंडा साचला. दुपारी बाहेर पाऊल ठेवलं की चपलेचा तळ वितळतोय असं वाटे. कॉलेजांमध्ये तारखा लागल्या. आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं जुन्या बोळात जाऊन, पत्रे ठोकलेली इमारत बघून परत फिरताहेत, असं सलीमभाईंच्या कानावर आलं. इकडे त्यांचा शिकंजा तेल पिऊन चकचकीत उभा होता. पहिल्या आठवड्यात दुकानात एकच गिऱ्हाईक चढलं. त्याला गिरणी कुठली ते हवं होतं.

मी कबुली द्यायला दुकानात गेले. लॅपटॉप काखेत, पेन्सिल कानावर. रस्ताभर वाक्य जुळवत होते: सलीमभाई, मला जमत नाही, तुम्ही दुसरं कुणी बघा. आत पंखा गिरणीच्या पिठात फिरून आलेली हवा वाटत होता. खळीचा तो आंबूस, उबदार वास. सलीमभाईंच्या जुन्या ओळखीच्या एका बाईंचा प्रबंध आला होता, चार प्रती. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बरं झालं आलात. हात ओले आहेत माझे. एवढं लावा जरा." आणि कुंचला माझ्या हातात.

मला कुंचला म्हणजे जाड पेन्सिल. दहा मिनिटांत चारही पुठ्ठे खळ लावून, रेक्झिन ओढून मोकळी झाले. सलीमभाईंनी वळून पाहिलं. पुठ्ठ्यांना कांजिण्या झाल्या होत्या; जिकडे तिकडे फोड. त्यांनी रेक्झिन सोलून काढलं. मग मी एवढी सावकाश लावू लागले, की या टोकाला पोचेपर्यंत त्या टोकाची खळ वाळून गेली. रेक्झिन चिकटेना.

"वहिनी," सलीमभाई म्हणाले, "खळीला घड्याळ कळत नाही. ती आधी ओली असते, मग ओढ धरते, मग वाळते. ओढ धरते तेवढ्यात आपलं काम. तेवढंच लावायचं, जेवढं तेवढ्यात ओढून होतं. मग दाबात ठेवायचं, आणि हात मागे."

"हात मागे घेऊन काय करायचं?"

"काही नाही. चहा. ती आपलं काम करते." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "हे काय चाललंय?"

मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यांचं बोलणं उतरवून घेत होते. मला कळलंही नव्हतं.

"ती पेन्सिल इकडे द्या," सलीमभाई म्हणाले. छत्तीस वर्षांत सहा साहेबांपैकी एकाचीही हे म्हणायची छाती झाली नव्हती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि खणात, सुई-दोऱ्याच्या शेजारी, टाकून खण बंद केला.

कबुलीचं वाक्य राहूनच गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉप घेऊन दुकानात बसू लागले. एक पुठ्ठा दाबात गेला की एक धडा लावायचा, साध्या एकच्या वेगानं, पेन्सिलीशिवाय. मग धडा बंद. ऐकलेल्यातलं जेवढं ओलं असेल तेवढं लगेच आपल्या हातानं करून बघायचं. झालं की पुढचा धडा उद्या. कितीही हात शिवशिवले तरी उद्या. पहिले दोन दिवस माझा उजवा हात मांडीवर आपोआप रेघा काढत होता. साडीवर मी दोन्ही धडे उतरवले असतील. गिरणीतली बाई यांना विचारून गेली, वहिनींना औषध चालू आहे का.

आणि एकच्या वेगात सर माणूस निघाले. ते मध्येच पाणी प्यायचे. हॉर्न वाजला की ओशाळून हसायचे. डब्याच्या धड्यात म्हणाले, "इथं मी पण पहिल्यांदा अडकलो होतो, आठवडाभर. टेन्शन घेऊ नका." मला वाटलं, हे नवीनच. घरी येऊन वह्या काढल्या. सुबक रेघांमध्ये, पाच वेगवेगळ्या जागी, तेच वाक्य होतं. मी ते पाचदा लिहून घेतलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी वह्या मिटल्या आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. यांनी कपबशी कठड्यावर ठेवली. ती टेकेपर्यंत मी वाट पाहिली आणि निवलेला चहा प्यायले. तो बरा लागला, हे यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पाचव्या की सहाव्या दुपारी, प्रबंधाची तिसरी प्रत दाबात असताना, तो तांबडा चौकोन सरकला. कोपऱ्यातून निघाला आणि पानाच्या बरोबर मधोमध येऊन बसला. मी जी किंकाळी फोडली, ती म्हणे खडकीच्या पुलापर्यंत गेली. "आला! देव मध्यभागी आला!" गिरणी थांबली. पिठानं पांढरी झालेली माणसं धावत आली. एक आजीबाई चपला बाहेर काढून आत शिरल्या आणि "कुठं, कुठं?" करत पडद्याला हात जोडून गेल्या. आमचे हेही बातमी ऐकून तातडीनं निघाले. घर दोन मिनिटांवर, वीस मिनिटांत पोचले.

"आला?" यांनी विचारलं.

"आला."

"उतार काढला वाटतं."

आता यंदाचं सांगते. यंदा मी पुढचा कोर्स घेतलाय. संक्रांतीला सुरू केला, लिंब मोहरला, मी चौथ्या धड्यावर आहे. फळ्यावर परवा एकानं लिहिलं, "संपला!" मी त्याला टाळ्या पाठवल्या आणि मग राहवेना म्हणून विचारलं, "देव कुठं बसलाय?" त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. पण मी पूर्ण सुधारले असा कुणी समज करून घेऊ नये. छत्तीस वर्षांचा हात आहे. त्या वर्षीही शेवटच्या दिवशी त्यानं दगा दिलाच.

झालं असं, की तारखा तोंडावर आल्या होत्या. पान तयार होतं: मरून रंग (दोहोंपैकी कुठला ते विचारू नका), शिकंज्याचा फोटो, कामाच्या वेळा, किती पानांना किती दिवस. राहिलं होतं फक्त तळाशी पत्त्याचं बटण. सलीमभाई म्हणाले, "उद्या करा, वहिनी. आजचं वाळू द्या." पण पोरं तिकडे पत्र्यांवरून परत फिरत होती. मी घरी आले, सरांना दोनवर लावलं, वहीत बटणाच्या धड्यातलं नमुन्याचं वाक्य शोधलं, जसंच्या तसं टाइप केलं, आणि वेबसाइट जगासाठी खुली केली. पुरता अर्धा तासही लागला नाही. जुना वेग परत आला म्हणून मी उभ्या उभ्या एक आंबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात होते. दारात एक मुलगी उभी. छातीशी गठ्ठा, अजून गरम. केस उभे, डोळे लाल. तिनं फोनकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं.

"अंकल," ती म्हणाली, "लंका हीच का?"

 मी तिच्या हातातून फोन जवळजवळ ओढलाच. मरून पानाच्या तळाशी, बरोबर मध्यभागी, माझ्या हातचं सुबक बटण होतं: 'दुकानाच्या पत्त्यासाठी लंका दाबा.'

सलीमभाईंनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. गठ्ठ्याकडे पाहिलं. "हीच," ते म्हणाले. "सोन्याची अक्षरं आत मिळतात. या."

तिच्यामागून दोघं आले. दुपारपर्यंत बाहेर सावलीत रांग लागली आणि रांगेतला प्रत्येक जण फोनवर मित्राला ओरडून सांगत होता, "अरे, खडकीला लंका आहे ना, तिथं ये, गिरणीशेजारी!" शिकंज्याचं चाक फिरत होतं, सोनेरी वर्खावरून गरम अक्षरं उठत होती, हडपसरहून मुलीचा फोन येऊन गेला आणि सलीमभाईंनी तिला सांगितलं की आत्ता बोलायला वेळ नाही. मला मात्र प्रत्येक 'लंका' कानशिलात बसत होती. शेवटी मी लॅपटॉप उघडला, बोटं मोडली आणि ओरडले, "सलीमभाई, एकच मिनिट! आत्ताच्या आत्ता बदलते, एका सेकंदात!"

सलीमभाईंनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. वर पाहिलंही नाही.

"राहू द्या, वहिनी. वाळलंय ते."